शांत बेटाची चौकशी

पी पी पी पी.

एवढाच आवाज, पण चिडीचूप घरात तो असा टोचला, की स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलेली ती ताडकन उठली. खुर्ची मागच्या मागे पडता पडता राहिली. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. थर्मामीटर काखेतून काढायची वेळ झाली की असा ओरडतो. पण तिची लेक मुंगी जेवून झोपली होती, शेजारी सासूबाई आडव्या झाल्या होत्या. मग थर्मामीटर लावला कुणी, आणि कुणाला?

ती धावत आतल्या खोलीच्या दारात पोहोचली. सासूबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या. मुंगी पलंगाखाली मांडी ठोकून बसली होती आणि कापडी हत्तीच्या काखेतून थर्मामीटर काढत होती.

"ताप नाहीये," मुंगी गंभीरपणे म्हणाली. "पण अंग जरा कोमटच लागतंय. तू बघ ना हात लावून."

तिने वाकून हत्तीच्या कपाळाला हात लावला. मग तोच हात मुंगीच्या कपाळाला. मुंगीने सवयीने मान पुढे केली होतीच.

"कुठे सापडला तुला हा?"

"तुझ्या उशीखाली."

तिने थर्मामीटर मुठीत लपवला आणि पोरीला हत्तीसकट उचलून पुन्हा आजीच्या कुशीत सरकवलं. सासूबाई झोपेतच म्हणाल्या, "अगं, पडू दे तिला जरा," आणि पुन्हा घोरायला लागल्या.

मुंगी हे काही पोरीचं खरं नाव नव्हे. घरातली कुठलीही वस्तू उचलायची आणि भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवायची, म्हणून बापाने ठेवलेलं. पाचव्या वर्षात होती. बाकी अंगाने टणटणीत. फक्त ताप भराभर चढला की तिला झटका यायचा. डोळे वर जायचे, हातपाय थडथडायचे, आणि मग सगळं थांबायचं. आजवर दोनदा झालं होतं. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच समजावून सांगितलं होतं, की दिसतं तेवढं हे भयंकर नसतं, पुष्कळ मुलांना होतं आणि शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेकांचं आपोआप सुटतं. झटका लांबलाच तर म्हणून नाकात मारायचा एक फवाराही त्यांनी दिला होता. तिला सगळं पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि उशीखाली थर्मामीटर न ठेवता झोप लागणं वेगळं.

ती पुन्हा टेबलाशी येऊन बसली. समोर लॅपटॉपवर दोन बेटं होती. एक मोठं, एक लहान. संध्याकाळपर्यंत सहलवाल्या बाईला काय ते कळवायचं होतं.

ही सहल मुळात निघाली ती नवऱ्याच्या बोलण्यातून. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या कितीतरी इमारतींच्या लिफ्टमध्ये आरशाखाली त्याचा नंबर चिकटवलेला होता, आणि माणसं अडकायची ती नेमका हा पहिला घास तोंडात घालत असताना. लग्न झाल्यापासून असा एकही वाढदिवस नव्हता, ज्याला मेणबत्ती फुंकायला तो पूर्ण वेळ हजर होता. "मला अशा ठिकाणी घेऊन चल," तो म्हणाला होता, "जिथे नारळाच्या झाडाहून उंच काही नसेल. कुणी अडकलंच तर झाडावर अडकेल, आणि ते काम माझ्याकडे येत नाही."

ती हसली होती. समुद्र, वाळू, पोरीच्या हातात छोटीशी बादली. कोणाला नको असतं? मुंगी झाल्यापासून ते कुठेही गेले नव्हते.

सहलवालीने ही दोन बेटं सुचवली. मोठ्या बेटावर विमानतळ, बाजार, मजल्यांवर मजले असलेली हॉटेलं आणि एक चांगलं मोठं हॉस्पिटल. लहान बेटावर यातलं काहीच नाही. किनाऱ्याला लागून चार-दोन घरं, त्यांतल्याच एका घरात पाहुण्यांच्या खोल्या, आणि मोठ्या बेटावरून दिवसा ये-जा करणारी बोट. "एकदम शांत हो, ताई," सहलवाली म्हणायची. तिच्या बोलण्यात दर तिसरा शब्द तो. शांत किनारा, शांत खोली, शांत पाणी. "फोनसुद्धा धड लागत नाही, एवढं शांत!"

नवऱ्याने एकदाच दोन्हींचे फोटो पाहिले आणि लहान बेटावर बोट ठेवलं. "हे," तो म्हणाला आणि कामाला गेला. जणू दुकानात टोमॅटो निवडत होता.

तिला मात्र काही ठरवता येत नव्हतं. सकाळी ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकेक भिंग धरून विचारायचं, हे बरं की ते? आधीचं स्पष्ट होतं की आत्ताचं? माणसं पटकन सांगायची. आणि इथे ती स्वतः दोन चित्रं आलटून पालटून बघत होती आणि दर वेळी लहान बेटाच्या निळ्या पाण्यापुढे तिला एकच दिसायचं. रात्र झाली आहे, बोट पलीकडच्या किनाऱ्याला आहे, पोरीचं अंग तापलंय, आणि आपण वाळूत उभं राहून हाका मारतोय. शांत म्हणजे काय, तर हाक मारली तरी कुणी न येणारं.

तिने सहलवालीला दोनदा फोन करून विचारलं होतं, तिथे डॉक्टर असतो का? दोन्ही वेळा उत्तर आलं, "ताई, सुट्टीला जाताय ना? कशाला वाईट चिंतता?"

नवऱ्याशी तिने हे बोलायला हवं होतं. पण त्याच्याशी बोलायचं म्हटलं की तिला मागच्या वेळचा तो दिवस आठवायचा. झटका आला तेव्हा ती दुकानात होती, घरी एकट्या सासूबाई. त्यांचा फोन आला, "झटका आलाय, धाव," आणि ती गिऱ्हाईकाच्या नाकावर भिंगाची फ्रेम तशीच सोडून धावली. ती पोहोचली तेव्हा मुंगी आजीच्या मांडीवर गळून पडली होती, पण डोळे उघडे होते, आणि थोड्या वेळाने बिस्कीट मागून घेऊन ती ते कुरतडायलाही लागली. मग नवरा आला. दारातच बुटांसकट उभा राहिला. हातांना ग्रीस, कपाळावर ग्रीस. पोरीकडे बघितलं, बघतच राहिला, आणि एक शब्द न बोलता वळून न्हाणीघरात गेला. आतून नळ सोडल्याचा आवाज येत राहिला. कितीतरी वेळ. पोरीला त्याने जवळसुद्धा घेतलं नव्हतं.

तिने तेव्हा काही विचारलं नाही. पण ते तिच्या गळी उतरलं नव्हतं. याला काही वाटतच नाही, असं तिने मनात पक्कं करून टाकलं होतं. ज्याला वाटत नाही तोच माणूस असं पटकन बोट ठेवू शकतो.

तिने फोन उचलला आणि सहलवालीला सांगितलं, "मोठं बेट. नक्की करा."

आणि नवऱ्याला निरोप पाठवला, "लहान बेटावरच्या खोल्या भरल्या. मोठंच घ्यावं लागेल."

त्याचं उत्तर लगेच आलं. "बरं."

त्या एका शब्दाने तिला काही हलकं वाटलं नाही.

संध्याकाळी तो आला तेव्हा मुंगी टेबलाखाली खडू पसरून बसली होती. सासूबाई भाजी निवडत होत्या. तो मोरीशी हात धूत होता, कोपरापर्यंत साबण, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"बघ, अडकलं कुणीतरी," सासूबाई म्हणाल्या. "या शहरात माणसं जिना चढतच नाहीत का रे?"

त्याने ओल्या कोपराने स्पीकर सुरू केला.

"दादा, सहलीच्या ऑफिसातून बोलतेय," बाईचा आवाज अख्ख्या स्वयंपाकघरात पसरला. "ताईंनी मोठं बेट नक्की केलंय. तेवढं तुमच्याकडून एकदा हो ऐकायचं होतं. म्हणजे लहान बेटावर तुमच्यासाठी धरून ठेवलेली खोली मी सोडून देते."

"ती कुठली? खोल्या भरल्या ना तिथल्या?"

"छे हो! कुणी सांगितलं? तिथे जातंय कोण एवढं? एकदम शांत आहे ते."

तिच्या हातातलं ताट टेबलावर जरा जोरातच टेकलं. नवऱ्याने वळून तिच्याकडे पाहिलं. मग फोनकडे बघत म्हणाला, "मी करतो तुम्हाला फोन. सोडू नका अजून."

साबणाचं पाणी त्याच्या कोपरावरून फरशीवर ठिबकत होतं.

"भरल्या होत्या ना?" तो म्हणाला.

"मी खोटं बोलले."

"ते कळलं. का?"

"का म्हणजे? तिथे हॉस्पिटल नाही. रात्री बोट नाही. फोन नाही. तुला हौस आली म्हणून पोरीला घेऊन तिथे जायचं? तुला काय, तू तिकडे झाडाखाली लोळशील. रात्रभर तिच्या छातीवर हात ठेवून बसायचं कुणी? मी!"

"मला सांगायचंस ना मग."

"काय सांगायचं? तुला काही वाटतं तरी का? एवढं शांत बेट हवंय म्हणे—"

"तो शब्द नको."

तो काही फार मोठ्याने बोलला नव्हता, पण आवाज असा फाटला, की टेबलाखालून मुंगीचं डोकं बाहेर आलं.

"अरे, ओरडतोस काय?" सासूबाईंनी हातातली देठं खाली ठेवली. "जे काय आहे ते शांतपणे बोलावं माणसाने."

यावर तो हसला. हसला कसला, नुसती हवा बाहेर पडली. मग हात न पुसताच खुर्चीत बसला.

"आई, तुला आठवतं, मुंगीला झटका आला तेव्हा तू मला फोन केला होतास?"

"केला होता की. हिला आधी केला. मग ते थांबलं तेव्हा तुला केला, तू उगाच जिवाचा आटापिटा करत येऊ नयेस म्हणून."

"काय म्हणाली होतीस?"

"आता शब्द न् शब्द कसा आठवेल?"

"मुंगी शांत झाली रे. असं म्हणालीस. आणि फोन कट झाला."

सासूबाईंना त्यात वावगं काही दिसेना.

"मी एका इमारतीच्या गच्चीवर होतो, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत," तो म्हणाला. तो टेबलाशी बोलत होता, कुणाकडे बघत नव्हता. "बाबा गेले तेव्हा मी परगावी होतो. तेव्हाही तूच फोन केला होतास. बाबा शांत झाले रे, म्हणालीस. तोच आवाज. तेच शब्द."

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला. "अरे, ती थडथडायची थांबली... अंग सैल पडलं, नीट श्वास घ्यायला लागली. म्हणून म्हटलं मी. शांत झाली म्हणजे... शांत झाली रे!"

"कळलं ना मला. घरी आल्यावर कळलं. ती बिस्कीट खात होती." त्याने ओल्या हाताने तोंड पुसलं. "लिफ्ट मीच तेव्हा दुरुस्त केली होती. चालू होती. आणि मी जिना उतरत होतो. सगळे मजले. लिफ्ट आहे हेच आठवलं नाही मला."

मुंगी टेबलाखाली खडू घासत होती.

ती मात्र त्या दारातल्या माणसाला नव्याने बघत होती. बुटांसकट उभा. ग्रीसचे हात. जिला शेवटचं बघायला आलो ती पोर समोर बसून बिस्कीट कुरतडतेय, आणि तिला हात लावायची हिंमत होत नाहीये, म्हणून तो नळ. आणि आपण इतके महिने काय काय धरून बसलो होतो.

"मला बोलला नाहीस," ती म्हणाली.

"काय बोलणार? तू आधीच उशीखाली थर्मामीटर घेऊन झोपतेस."

म्हणजे तेही ठाऊक होतं याला.

"मग त्या बेटावर कशाला जायचंय तुला?" तिचा आवाज अजून कडकच होता, पण त्यात आता भांडण उरलं नव्हतं. "तिथे तर अजून भीती वाटायला हवी तुला."

"फोन लागत नाही म्हणाली ना ती बाई. फोन वाजला की मला तेच शब्द ऐकू येतात. दर वेळी. कुणीतरी अडकलेलं असतं, नेहमी तेच असतं, पण तोपर्यंत... मला काही दिवस असं राहून बघायचंय, की जे काय होईल ते माझ्या डोळ्यांसमोर होईल. कुणी मला फोन करून सांगणार नाही." मग उठून टॉवेल घेत म्हणाला, "पण तू म्हणतेस तेही खरंच आहे. मोठंच घे. मी खोलीत झोपा काढीन."

हवं ते मिळालं होतं. आणि आता ते हातात घेऊन काय करायचं हे तिला कळेना. मोठं बेट तिला स्वच्छ दिसत होतं. तिथे ती हॉस्पिटलच्या पाटीकडे तोंड करून बसेल आणि तो फोनकडे. मधे पोर बादली घेऊन एकटी.

सासूबाई डोळे पुसत पुन्हा भाजीकडे वळल्या होत्या. "यापुढे मी काय बोलू तेही सांगून ठेवा बाबा," त्या पुटपुटल्या. "बरी आहे म्हटलं तर चालेल ना? की त्याचाही काही अर्थ निघतो?"

"चालेल, आई," ती म्हणाली, आणि तिला अचानक हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

तिने फोन घेतला. सहलवालीकडून त्या लहान बेटावरच्या घरमालकिणीचा नंबर मागून घेतला. नवरा टॉवेल खांद्यावर टाकून बघत होता. फोन लागता लागेना. शेवटी वाऱ्याच्या घोंघाटातून एक भरदार आवाज आला, "कोण बोलतंय? थांबा हं, गच्चीवर आलेय, इथेच काय तो लागतो."

तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ताप, झटके, फवारा. मग विचारलं, "तिथे कुणी आजारी पडलं तर?"

"नर्सबाई आहे ना. पलीकडच्या घरात राहते. झटके तिने पुष्कळ पाहिलेत, इथल्या पोरांनाही येतात."

"आणि रात्री मोठ्या बेटावर जायची वेळ आली तर?"

"माझ्या धाकट्या दिराची होडी आहे. उठवायचं त्याला. शिव्या देईल, पण उठेल."

"समुद्र खवळलेला असेल तर?"

पलीकडे वारा ऐकू आला.

"तर नाही जात कुणी, बाई. खोटं कशाला सांगू?"

ते ऐकून तिच्या अंगावर काटा आला, आणि गंमत म्हणजे त्याच उत्तराने तिला त्या बाईचा भरवसा वाटला. त्या बेटाबद्दल, स्वतःला धरून, पहिल्यांदा कुणीतरी खरं बोलत होतं.

"पण खूप शांत आहे म्हणे तुमच्याकडे," ती म्हणाली.

"शांत?" घरमालकीण खदाखदा हसली. "ते ऑफिसवाले सांगतात तसं. माझे कोंबडे अंधारातच बोंबलायला लागतात, शेजारची पोरं दिवसभर आमच्या अंगणात, आणि सासऱ्यांना कमी ऐकू येतं म्हणून घरात सगळे ओरडूनच बोलतो. झोप मोडली तर माझ्या नावाने बोटं मोडू नका, काय?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. स्पीकर सुरू नव्हता, पण बाईचा आवाजच असा होता, की त्याला सगळं ऐकू गेलं होतं. त्याचे ताठलेले खांदे जरा सैलावले होते.

"खोली धरून ठेवा," ती म्हणाली. "आम्ही येतोय." आणि फोन ठेवताक्षणी तिच्या डोक्यात यादी सुरू झाली. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं. दोन फवारे घ्यायला हवेत. एक आपल्याकडे, एक याच्याकडे. समुद्र कुठल्या महिन्यात खवळत नाही ते विचारायचं राहिलंच. परत फोन करावा का?

"नक्की?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"नक्की नाही," ती म्हणाली. "पण जाऊया."

तो टेबलाखाली वाकला, मुंगीला काखेत धरून बाहेर ओढलं आणि मांडीवर घेतलं. अगदी घट्ट. "बाबा, चिरडलंस मला," मुंगी म्हणाली, पण सुटायची धडपड काही केली नाही. तिच्या हातात कागद होता. त्यावर निळा समुद्र, पिवळी वाळू आणि ओळीने उभी केलेली काड्यांची माणसं.

"ही कोण कोण?" तिने विचारलं.

"आपण. बेटावर." मुंगीने एकेकावर बोट ठेवलं. "हा बाबा. ही तू. ही मी. आजी नाही येत, तिला बोटीत मळमळतं. हत्ती येतोय." मग ती थांबली. शेवटी थोडी मोकळी जागा होती. तिने लाल खडू उचलला आणि आईकडे मान वर करून बघितलं.

"आई, ताप पण येणार आहे का आपल्याबरोबर?"